पाहाले काय आहे इथं?

चंद्रपूरहून अहेरीकडे निघालेली गाडी गोंडपिपरीत थांबतेच. चहा होतो, आलूबोंडा होतो, ड्रायव्हरचा खर्रा घोटून होतो आणि गाडी आष्टीच्या पुलाकडे निघून जाते. गोंडपिपरी पाहायला म्हणून कोणी उतरल्याचं ऐकिवात नाही. उतरलाच तर तो बदलीवर आलेला कर्मचारी असतो, आणि पहिल्या घोटाबरोबरच तो परतीच्या बदलीचा अर्ज मनात लिहायला घेतो.

याचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही. पाहुणे विचारत, "पाहाले काय आहे इथं?" आम्ही प्रामाणिकपणे सांगत असू, "काही नाही." पाहुणे खूश, आम्हीही खूश. पण अलीकडे 'वारसा' नावाचं प्रकरण निघालं. पुण्यात लोकांना वाड्यांमधून फिरवतात, मुंबईत फोर्टात फिरवतात, आणि चंद्रपुरात तर चक्क शहराभोवतीच्या परकोटावरून चालवतात. मग आपल्याकडेही फिरवण्यासारखं काहीतरी असलंच पाहिजे, असं पानठेल्यावर ठरलं. आमच्याकडे महत्त्वाचं सगळं पानठेल्यावरच ठरतं. सभेत फक्त सह्या होतात.

"सांगा बरं, आपल्या गावात सगळ्यात जुनं काय आहे?" गुरुजींनी विषयाला हात घातला.

"मामाची राजदूत," एक पोरगं म्हणालं.

"तसं नाही बे. दगडाचं काय आहे?"

"मामाच्या मूत्रपिंडात आहे."

चर्चा थोडी गंभीर झाल्यावर लक्षात आलं, की एखादी जागा ऐतिहासिक ठरवण्याच्या आमच्या भागात काही ठाम कसोट्या आहेत. पहिली, ती पांडवांनी एका रात्रीत बांधलेली असावी आणि कोंबडा आरवल्यामुळे अर्धवट राहिलेली असावी. विदर्भातल्या अर्धवट बांधकामांची संख्या पाहिली तर वनवासात पांडवांना झोप मिळालीच नसावी. कंत्राटदार अजूनही तीच पद्धत पाळतात, फक्त त्यांचा कोंबडा ३१ मार्चला आरवतो. पांडव बसत नसतील तर जागा हेमाडपंती असावी. देवगिरीच्या यादवांचा हा प्रधान तेराव्या शतकातला. पण वैनगंगेकाठची मार्कंड्याची देवळं त्याच्या जन्माआधीच उभी होती, हे सांगितलं तर लोक आपल्याकडेच संशयाने पाहतात. आणि पुढची कसोटी म्हणजे भुयार. चंद्रपूरच्या किल्ल्यातून भुयार निघतं ते थेट बल्लारपूरच्या किल्ल्यात, असं प्रत्येकाच्या आजोबांनी सांगितलेलं असतं. त्या भुयारात वऱ्हाडाची अख्खी बैलगाडी गेली आणि परत निघालीच नाही, हेही आजोबांनीच सांगितलेलं. भुयार कोणी पाहिलं, हे मात्र आजोबांना विचारायचं राहून गेलेलं असतं.

शेवटची कसोटी सोन्याची, आणि इथे विनोद थोडा बाजूला ठेवावा लागतो. जुनी जागा म्हणजे गुप्तधन, हे समीकरण चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत इतकं पक्कं आहे, की पडक्या देवळात इतिहासाचा अभ्यासक पोचण्याआधी कुदळवाला पोचलेला असतो. अमावास्या, लिंबू, अंगारा आणि कुदळ एवढ्या सामग्रीवर हजार वर्षांच्या मूर्ती उलथल्या गेल्या. सोनं मिळाल्याचं कुठे ऐकलं नाही. जो खणायला गेला तो उधारीतच मेला. मूर्ती मात्र नाकापासून फुटली. वैरागडाजवळ हिऱ्यांची खाण होती, अशी नोंद अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे, आणि तेवढं वाक्य आमच्याकडच्या कुदळवाल्यांना तोंडपाठ आहे. बाकीचा ग्रंथ वाचायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

पर्यटन म्हटलं की आमच्या जिल्ह्यात दुसरा शब्द निघतच नाही, वाघ. पहाटे उठून, थंडीत कुडकुडत, जिप्सीत बसून, हजारो रुपये मोजून लोक ताडोब्यात जातात आणि वाघाची शेपटी पाहून धन्य होऊन येतात. आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला तो धानाच्या बांधीवर फुकट दिसतो आणि अजिबात नको असतो. पण वाघ कसाही असला तरी लाडका. तो दिसत नाही म्हणून लोक पुन्हा येतात. चंद्रपूरचा परकोट मात्र शेकडो वर्षं एकाच जागी उभा आहे, कुठे पळत नाही, झुडपात दडत नाही. म्हणूनच बहुधा त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

झुडपात दडत नाही हे खरं तर तितकंसं खरं नाही. पण ते पुढे.

हा परकोट आखला कोणी, याची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांनी ऐकावीच. बल्लारपूरच्या खांडक्या बल्लाळशहा या गोंडराजाच्या अंगावर गाठी होत्या. शिकारीला गेला असता तहान लागली म्हणून कोरड्या झरपट नदीच्या पात्रातल्या एका झऱ्याचं पाणी तो प्यायला, तोंड धुतलं, आणि त्या रात्री बरा होऊन झोपला. ती जागा म्हणजे आजचा अचलेश्वर. पुढे त्याच भागात राजाने पाहिलं, की कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला आहे. कुत्रा सशाच्या मागे नव्हे, ससा कुत्र्याच्या मागे! मोठा वळसा, मग नागमोडी पळापळ, आणि शेवटी कुत्र्याने सशाला मारलं. राजा घरी आला आणि त्याने हे राणीला सांगितलं. राणी हिरातनी म्हणाली, ही शूर भूमी आहे, ससा जसा धावला तशी भिंत बांधा आणि शहर वसवा.

म्हणजे चंद्रपूरचा पहिला विकास आराखडा एका सशाने तयार केला. ना सल्लागार, ना निविदा, ना हरकती-सूचना. पुढच्या कित्येक राजांनी तो इमानाने अमलात आणला आणि धुंड्या रामशहाच्या काळात भिंत पुरी झाली. चार दरवाजे झाले, जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अचलेश्वर. पाच खिडक्या झाल्या, हनुमान, विठोबा, चोर, मसण आणि बगड. सुमारे ११ किलोमीटरचा हा घेर आजही बराचसा उभा आहे. शहरातल्या गल्ल्या इतक्या वाकड्या का, असं बाहेरचे लोक विचारतात, तेव्हा चंद्रपूरकराकडे जगातलं सगळ्यात सुंदर उत्तर तयार असतं. दुसऱ्या कोणत्या शहराला अतिक्रमणाचा दोष सशावर टाकता येतो?

गोष्टीत मला राणीचं जास्त कौतुक वाटतं. नवरा जंगलातून येऊन सांगतो की आज ससा कुत्र्याच्या मागे धावत होता. आमच्या घरी असं सांगितलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, "मोहाची घेतली काय?" हिरातनीने त्यावर राजधानी उभी करायला लावली. चंद्रपूरच्या राण्यांचं काम एकूणच मोठं. राणी हिराईने नवऱ्याची, बीरशहाची, देखणी समाधी बांधली आणि महाकालीचं देऊळही उभं केलं. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेली इमारत पाहायला जग आग्र्याला जातं. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली चंद्रपुरात आहे आणि तिथे बहुतेक वेळा बसायला भरपूर जागा मिळते. बायका याचा अर्थ काय काढतात ते त्यांनाच विचारावं.

जटपुरा दरवाजावर हत्तीला दाबून धरलेला सिंह कोरला आहे, ते गोंडराजांचं राजचिन्ह. ते पाहायला मान वर करावी लागते. पण दरवाजाखाली ऑटो, दुचाकी, हातगाडी आणि एक निवांत गाय एकाच वेळी घुसलेली असते, तेव्हा मान वर करणाऱ्याला मागचा हॉर्न शिल्पकलेपासून लगेच परत आणतो. हत्ती, घोडे, पालख्या गृहीत धरून बांधलेल्या दरवाजातून आज एक आख्खं शहर ये-जा करतं. दरवाजा अजून टिकून आहे, ही खरी गोंडांची स्थापत्यकला.

कायद्याचंही ऐकून घ्या. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घेऊनच बांधायचं. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे सगळं निळ्या फलकावर लिहिलेलं असतं. एखादी एकटी समाधी असली की हे ठीक. पण इथे स्मारकच ११ किलोमीटर लांब आणि दोन्ही बाजूंना माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. भिंतीशेजारी घर असलेल्या माणसाला वारसा म्हटलं की आधी आपलं न्हाणीघर आठवतं, कारण त्याच्या दुरुस्तीला परवानगी लागते. त्याच्याकडून इतिहासप्रेमाची अपेक्षा करणं जरा जास्तच आहे. आणि जो फलकाला टेकून खर्रा घोटतो त्याला कायदा लागू आहे, हे फलकालाही खरं वाटत नसावं.

खर्रा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटायचं आणि गालात धरून दिवसभर जग चालवायचं. उरलेलं भिंतीवर. आता जरा लांबचं ऐका. अमेरिकेत बोस्टन शहरात १९५१ साली एका पत्रकाराच्या डोक्यातून कल्पना निघाली, की शहरातल्या ऐतिहासिक जागा एका वाटेने जोडाव्यात. तिथे आता फुटपाथवरून लाल रेघ जाते. रेघेवरून चालत सुटा, सुमारे ४ किलोमीटरमध्ये १६ ठिकाणं होतात, रस्ता विचारायची गरज नाही. हे मी पानठेल्यावर सांगितलं तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "मंग आपल्याकडे तं आधीपासूनच आहे नं लाल रेघ." विदर्भातलं कोणतंही सरकारी आवार, जिना आणि किल्ला त्या रेघेने जोडलेला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

या सगळ्यात २०१७ च्या मार्चमध्ये चंद्रपुरात एक विचित्र गोष्ट घडली. बंडू धोतरे आणि त्यांच्या 'इको-प्रो' संस्थेची पोरं सकाळी सकाळी कुऱ्हाडी, विळे, झाडू घेऊन परकोटावर चढली. वर जाऊन पाहावं तर परकोट कुठला, जंगलच. बुरुजांच्या सांध्यांतून पिंपळ, वड उगवलेले, काटेरी झुडपं, प्लास्टिक, बाटल्या आणि माणसाने भिंतीआड करायच्या सगळ्या गोष्टींचे पुरावे. पोरांनी ते उपसायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, आठ दिवसांत फोटो काढून जातील. स्वच्छता अभियानाचा आमचा अनुभव असा, की झाडू एक असतो आणि तो धरणारे पंधरा. इथे उलटं झालं. फोटो काढणारे कमी आणि झाडू जास्त. ही मंडळी सलग दोनशे दिवस रोज आली. ऑक्टोबर २०१७ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचं नाव घेतलं, आणि मग ज्यांच्या खिडकीतून तो परकोट रोज दिसत होता, त्यांनाही तो दिसायला लागला. काम नंतरही चालू राहिलं. मोकळ्या झालेल्या भिंतीवरून रविवारी सकाळी लोकांना चालवत नेऊन इतिहास सांगायची प्रथा पडली. तोच तो हेरिटेज वॉक.

गोंडपिपरीच्या पानठेल्याचं यावरचं मत आधी जरा थंड होतं. "सरकारचं काम हे पोरं काऊन करून राहिले?" हा प्रश्न आला. "याईले काय भेटते?" हाही आला. पण गुरुजींनी जे विचारलं त्यावर कोणाला बोलता येईना. ते म्हणाले, "भिंत राजानं बांधली, ससा धावला, इंग्रज आले, कायदा झाला, फलक लागला. इतक्या वर्षांत झाडू कोणी घेतला होता?"

माझ्या मते वारशाचा सगळा कारभार या प्रश्नात येतो. दगड वाचवायला आमच्याकडे झाडूआधी एकच खात्रीचा उपाय होता, शेंदूर. एकदा दगडाला शेंदूर फासला की त्यावर खर्रा थुंकायची कोणाची छाती नाही. निळ्या फलकाला जे जमत नाही ते पाच रुपयांच्या शेंदराला जमतं. फक्त दहा-बारा वर्षांत थर इतका चढतो, की आत विष्णू आहे का वीरगळ हे देवालाच माहीत. जीव वाचतो, चेहरा जातो. आणि जे पूजेतून सुटतं त्याचं काय होतं ते चंद्रपूरच्याच भिवापुरात पाहावं. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याने भलंमोठं देऊळ बांधायला घेतलं, अखंड दगडांतून अजस्र मूर्ती घडवून घेतल्या आणि देऊळ व्हायच्या आत तो गेला. मूर्ती उघड्यावर आडव्या राहिल्या. त्यातली दशमुखी देवी पंचवीसेक फूट लांब आहे. दहा तोंडं पाहून लोकांनी तिला सरळ रावण ठरवलं. देवीला रावण म्हणणारं गाव तिला नारळ कसा फोडणार? ती अजून आभाळाकडे पाहत पडली आहे, बांधकाम सुरू व्हायची वाट पाहत.

काही जागा तर आत जायलाच अवघड. १८५७ च्या उठावाच्या पाठोपाठ मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले, आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चंद्रपूरच्या तुरुंगात त्यांना पिंपळाच्या झाडाला फाशी दिलं गेलं. तो पिंपळ तुरुंगाच्या आवारात आहे. दरवर्षी २१ ऑक्टोबरला लोक मानवंदना द्यायला जातात. इतर दिवशी जायचं असेल तर आत जाण्याचा जो मार्ग उरतो, तो कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत छापता येणार नाही.

आता आमचं काय, हा प्रश्न राहिलाच. गोंडपिपरी दोन मोठ्या जागांच्या मध्ये पडते, इकडे परकोट आणि तिकडे मार्कंडा. तालुक्याच्या टोकाला वर्धा आणि वैनगंगा भेटून प्राणहिता होते, पोडशाच्या पुलावरून पलीकडे तेलंगण. ढाब्याला कोंडय्या महाराजांच्या यात्रेला दोन भाषा बोलणारी गर्दी होते आणि तिला फलक लागत नाही. तसंच चैत्रात मराठवाड्यातून चंद्रपूरच्या महाकालीला येणारी माणसं. पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाटेने येतात, पण त्यांच्या चालण्याला कोणी हेरिटेज वॉक म्हणत नाही, कारण त्यांच्या गळ्यात ओळखपत्र नसतं आणि पाण्याची बाटली विकतची नसते.

आणि तलाव. इथे पानठेल्यावर पुन्हा वाद झाला.

"तलाव काय पाहाचा बाप्पा? तिथं म्हशी दिसतात."

"म्हशी दिसतात म्हणूनच पाहाचा," गुरुजी म्हणाले. "पाणी आहे म्हणून म्हशी आहेत."

पूर्व विदर्भातले हे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना सगळे लाडाने 'मामा तलाव' म्हणतात, हजारोंच्या संख्येने आहेत. गोंडराजांच्या काळात जो तळं बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन मिळे, अशी परंपरा सांगतात. पुढे मालगुजारांनी ते राखले, गावकऱ्यांनी पाळ्या लावून गाळ उपसला. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारचे झाले, आणि सरकारचं म्हणजे कोणाचंच नाही हा नियम लागू झाला. पाळीवर बेशरमाची झाडं आली, पोटात गाळ आला. तरीही त्यातल्या कितीतरी तलावांवर आज धान पिकतो. ज्या वारशाखाली भात शिजतो त्याला वारसा म्हणायला आम्हाला संकोच वाटतो, कारण त्याला तिकीट नाही, भुयार नाही आणि तो पांडवांनीही बांधलेला नाही.

वादातून निर्णय असा निघाला, की गोंडपिपरीचा वारसा म्हणजे तलाव, आणि तो दाखवायच्या आधी उपसायचा. निर्णय एकमताने झाला, कारण तोवर निम्मे लोक उठून गेले होते. गाळ शेतात टाकायला शेतकरी तयार असतो, त्यासाठी २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' अशी सरकारी योजनाही आहे.

तेव्हा वाचकहो, चंद्रपूरला गेलात तर रविवारी सकाळी परकोटावर चढा, जटपुऱ्याचा सिंह पाहा, आणि कुदळ कोणाच्या हातात दिसली तर विचारा की बाबा कुठे निघालास. तिथून तोंडात काही न धरता पुढे आमच्याकडे या. तलाव वैशाखात आटतो. गाळ काढायचा तो तेव्हाच, मृग लागला की वर्षभर थांबावं लागतं. टोपल्या आमच्याकडे आहेत, फावडं ज्याने त्याने आणावं.